चोर पकडायला इन्स्टॉलरमध्ये पासवर्ड उचलणारा प्रोग्राम ठेवावा का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर तुम्ही लगेच सांगाल. तुम्ही कॉलेज सांभाळून फ्लाइट सिम्युलेटरसाठी, म्हणजे संगणकावर विमान उडवायच्या प्रोग्रामसाठी, आपल्याकडच्या विमानतळांची सीनरी बनवता आणि 300 रुपयांना विकता. गेल्या महिन्यात कुणीतरी ती क्रॅक करून, म्हणजे पैसे न देता चालेल अशी करून, टेलिग्रामवर फुकट वाटली. एका ओळखीच्यानं सल्ला दिला की 2018 मध्ये एका कंपनीनं केलं तसं कर. चोरीचा सिरीयल नंबर टाकला की त्या माणसाच्या ब्राउझरमधले पासवर्ड आपल्याकडे येतील, अशी सोय इन्स्टॉलरमध्ये ठेव. पैसे देऊन घेणाऱ्याला तर काहीच होत नाही, मग यात बिघडलं कुठे, असं तुम्ही विचारताय. आणि जाता जाता लिहिलंय की तुमच्या एका मित्रानं एका विमानाची क्रॅक केलेली आवृत्ती टाकली होती, त्यानं काळजी करावी का.

मी 17 वर्षं पुण्यात संगणक सुरक्षेचं काम करतो. लहान कारखाने, पतसंस्था, दवाखाने अशा ठिकाणी काहीतरी घडून गेलं की मला बोलावतात. सिम्युलेटर हा माझाही छंद आहे. पावसात घाटकोपरवरून येऊन मुंबईच्या 27 नंबरच्या धावपट्टीवर उतरायचा सराव मी कितीतरी रविवारी केलाय. उपग्रहाचे फोटो समोर ठेवून एकेक टॅक्सीवे आखायला किती रात्री जातात ते मला माहीत आहे, म्हणून तुमचा संताप पोचतो. तरीही हा सल्ला पाळू नका. नुसतं 'बेकायदेशीर आहे' म्हणून सोडलं तर तुम्हाला पटणार नाही, म्हणून कारणं सविस्तर सांगतो.

आधी ते 2018 चं प्रकरण. फ्लाइट सिम लॅब्स ही कंपनी प्रीपार-थ्रीडी या सिम्युलेटरसाठी एअरबस ए-320 चं अ‍ॅड-ऑन विकत होती. सिम्युलेटरला वरून जोडायचं हे विमान फार बारकाईनं बनवलेलं होतं आणि या छंदातली माणसं त्यासाठी आनंदानं चांगले पैसे मोजत होती. फेब्रुवारी 2018 मध्ये रेडिटवर एकानं दाखवून दिलं की तिच्या इन्स्टॉलरमध्ये 'टेस्ट डॉट ईएक्सई' नावाची एक फाइल आहे, आणि ती म्हणजे क्रोम ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड बाहेर काढणारं, इंटरनेटवर सहज मिळणारं एक तयार हत्यार आहे. कंपनीचे प्रमुख लेफ्टेरिस कलामारस यांनी ते नाकारलं नाही. त्यांचं म्हणणं असं होतं की ही फाइल इन्स्टॉल होताना तात्पुरती उघडली जाते, ठरावीक चोरीचा सिरीयल नंबर टाकला तरच चालते, आणि क्रॅक बनवणाऱ्या एका विशिष्ट माणसाचा माग काढण्यासाठीच ती ठेवली होती. प्रामाणिक ग्राहकाच्या माहितीला हात लागला नाही, असंही ते म्हणाले. फायडस या ब्रिटिश सुरक्षा कंपनीनं इन्स्टॉलर उघडून तपासला तेव्हा ती अट खरी निघाली. पण उचललेले पासवर्ड बेस-64 मध्ये लिहून साध्या एचटीटीपीवरून, म्हणजे वाटेत कूटबद्ध न करता, सर्व्हरला पाठवले जात होते, हेही उघड झालं. बेस-64 म्हणजे कुलूप नव्हे. ती फक्त लिहिण्याची वेगळी पद्धत आहे, कुणीही दोन सेकंदांत उलटी करून वाचू शकतो. म्हणजे रस्त्यात कुणी कान लावून बसला असता तर त्यालाही सगळं मिळालं असतं. कंपनीनं तो इन्स्टॉलर मागे घेऊन नवा दिला.

तुमच्या ओळखीच्याला हे उदाहरण यशाचं वाटतंय. कंपनीचा हेतू खरा होता असं धरून चाललो तरी मला ते तसं वाटत नाही.

पहिलं कारण तांत्रिक आहे आणि ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय नीट पोचत नाही. विंडोजवर क्रोम आपले पासवर्ड एका फाइलमध्ये ठेवतो. ती फाइल कूटबद्ध असते, पण त्या काळी तिची किल्ली थेट तुमच्या विंडोजच्या लॉगिनला बांधलेली होती. तुम्ही लॉगिन केलंत की तुमच्या नावानं चालणारा कुठलाही प्रोग्राम विंडोजला विचारू शकत होता, 'हे उघडून दे', आणि विंडोज देत होतं. विंडोजच्या दृष्टीनं विचारणारे तुम्हीच असता. गूगलनं जुलै 2024 पासून, क्रोमच्या 127 व्या आवृत्तीत, यावर आणखी एक अडसर बसवायला सुरुवात केली, तीही आधी कुकीजसाठी, म्हणजे तुमचं लॉगिन टिकवून ठेवणाऱ्या नोंदींसाठी. पण ज्या प्रोग्रामला तुम्ही अ‍ॅडमिनची परवानगी देऊन बसलात त्याच्यापुढे हा अडसर फारसा टिकत नाही. आणि इन्स्टॉलर नेमकी तीच परवानगी मागतो. पडदा अंधारतो, चौकोन येतो, आपण 'येस' दाबतो.

सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत प्रशिक्षणासाठी गेलो होतो. तिथल्या व्यवस्थापक बाई म्हणाल्या, "आमच्याकडे अँटिव्हायरस आहे, पासवर्ड कुणाला सांगत नाही, मग भीती कसली?" त्यांची परवानगी घेऊन, प्रोजेक्टरची वायर काढून, फक्त त्यांना दिसेल असा मी त्यांच्याच लॅपटॉपवर स्वतः लिहिलेला छोटा प्रोग्राम चालवला. तीन-चार सेकंदांत काळ्या खिडकीत यादी उतरली. मेल, वीजबिल, मुलाच्या शाळेचं पोर्टल, रेल्वेचं बुकिंग, दोन बँका. सात ठिकाणी एकच पासवर्ड होता, मुलाचं नाव आणि जन्मसाल. बाईंनी यादी पुरती वाचलीही नाही. हात पुढे करून लॅपटॉपचं झाकण खाली ओढलं आणि थोडा वेळ त्यावर तसाच हात ठेवून बसल्या. मी खिशात काही नेत नव्हतो, त्यांनीच हो म्हटलं होतं, तरी त्यांचा चेहरा उतरला होता. तुमच्या इन्स्टॉलरमध्ये जे बसवायचं म्हणताय ते हेच आहे, फक्त विचारल्याशिवाय.

दुसरं कारण, चोर कोण हे ठरवतो कोण? तुमची अट म्हणते, 'हा सिरीयल नंबर टाकला तो चोर.' आपल्याकडच्या घरांचा विचार करा. घरात बहुधा एकच संगणक. दहावीतला मुलगा दुपारी टेलिग्रामवरून सीनरी उतरवतो आणि दिलेला नंबर टाकतो. क्रोममध्ये मात्र वडिलांचं नेट बँकिंग, आईच्या ऑफिसचा मेल, आजोबांच्या पेन्शनचं खातं. तुमच्याकडे येणार ते या सगळ्यांचं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. शिवाय ज्यानं क्रॅक बनवला तो हुशार असतो. तो बहुधा वेगळ्या, रिकाम्या मशीनवर काम करतो, तिथे पासवर्ड सापडणारच नाहीत. सापडतील ते त्याच्याकडून फुकट घेणाऱ्या पोरांचे.

तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. ती फाइल चालली फक्त चोरांकडे, पण ती पोचली सगळ्यांकडे. पैसे मोजलेल्या प्रत्येक ग्राहकाच्या मशीनवर पासवर्ड चोरणारं हत्यार उतरलं, आणि ते चालायचं की नाही हे एका 'जर' वर टांगलेलं होतं. मी आयुष्यभर 'जर' लिहीत आलोय. ते चुकतात. एका आवृत्तीत तुलना उलटी लिहिली जाते, एखादी रिकामी ओळ 'खरं' म्हणून वाचली जाते, आणि चाचणी झालेली नसते. तुमच्या बाकीच्या प्रोग्राममधली चूक म्हणजे चुकीच्या जागी उगवलेलं झाड. इथली चूक म्हणजे दोनशे ग्राहकांचे पासवर्ड तुमच्या सर्व्हरवर. मग तो सर्व्हर तुम्ही कसा राखणार? महिन्याला काही शे रुपयांचं होस्टिंग, पॅनेलचा पासवर्ड कदाचित तुमच्या क्रोममध्येच साठवलेला.

असं हत्यार आपल्या हातात राहील हाही भ्रम आहे. 2005 मध्ये सोनी बीएमजीनं गाण्यांच्या सीडींची नक्कल होऊ नये म्हणून त्यांत एक प्रोग्राम घातला होता. सीडी संगणकात घातली की तो गुपचूप बसायचा आणि ठरावीक अक्षरांनी सुरू होणारी कुठलीही फाइल विंडोजपासून लपवायचा. विंडोजचे जाणकार मार्क रुसिनोविच यांनी 31 ऑक्टोबर 2005 ला तो उघडकीला आणला. काही दिवसांतच व्हायरस लिहिणाऱ्यांनी आपल्या फाइलींना तीच अक्षरं लावली आणि त्या आयत्या आडोशाला जाऊन बसल्या. ज्यांनी सीडी पैसे देऊन विकत घेतली होती त्यांच्याच मशीनवर.

आणखी एक जुनं प्रकरण सांगतो, कारण ते तुमच्यासारख्या छोट्या बनवणाऱ्याच्या जवळचं आहे. जी-आर्काइव्हर नावाचं एक टूल होतं, जीमेलमधला मेल आपल्या संगणकावर उतरवून ठेवणारं. 2008 मध्ये डस्टिन ब्रूक्स नावाच्या प्रोग्रामरनं सहज म्हणून त्याचा कोड उघडून बघितला. आत बनवणाऱ्याच्या स्वतःच्या जीमेल खात्याचं नाव आणि पासवर्ड लिहिलेले होते, आणि जो कोणी टूल वापरेल त्याचं नाव-पासवर्ड त्या खात्यावर मेल होत होतं. ब्रूक्सनं ते खातं उघडलं तर 1,777 मेल पडलेले. खुलासा आला की चाचणीसाठी घातलेला कोड काढायचा राहून गेला. खरंही असेल. मी तरी माणसाच्या हेतूबद्दल बोलणार नाही. पण ज्यांचे पासवर्ड त्या पेटीत पडले होते त्यांना हेतूचा काय उपयोग? आणि लक्षात घ्या, ते पासवर्ड आता बनवणाऱ्याशिवाय एका अनोळखी प्रोग्रामरलाही दिसले होते. ब्रूक्स भला माणूस होता, त्यानं ते मेल पुसून गूगलला कळवलं. दुसरा कुणी असता तर?

कायद्याचं थोडक्यात सांगतो. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 मधलं कलम 43 परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकातून माहिती काढण्याबद्दल आहे. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीनं केलं तर कलम 66 खाली 3 वर्षांपर्यंत कैद, 5 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्याचा पासवर्ड तसा वापरला तर कलम 66-सी वेगळं लागतं. समोरच्यानं तुमची सीनरी चोरली म्हणून तुम्हाला त्याच्या घरात शिरायचा हक्क मिळतो, असं या कायद्यात कुठेही नाही. नेमकं काय लागू होईल हे प्रसंगावर ठरतं आणि ते वकिलानं सांगावं. पण पासवर्ड घेऊन तुम्ही पोलिसांकडे गेलात तर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल की हे तुमच्याकडे आले कुठून.

आता विश्वासाबद्दल. फ्लाइट सिम लॅब्सबाबत जून 2018 मध्ये पुन्हा ओरड झाली. ग्राहकांना विंडोजच्या सिस्टिम फोल्डरमध्ये 'सीएमडीहोस्ट डॉट ईएक्सई' नावाची फाइल सापडली. नाव असं की विंडोजचीच वाटावी. कंपनीनं सांगितलं की ती विक्री आणि अ‍ॅक्टिव्हेशनच्या व्यवस्थेचा भाग आहे. खुलासा खरा मानला तरी फेब्रुवारीत जे झालं होतं त्यानंतर तो ऐकायला कुणाच्या मनात जागा उरली होती? दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्यात कंपनीनं रेडिटवरच्या चर्चेला बदनामीच्या कायद्याची भाषा लावली, आणि चर्चा सांभाळणाऱ्यांनी ते जाहीर करून टाकलं. एरवी कुणी बघितलीही नसती अशी फाइल सगळीकडे चघळली गेली.

विमान वाईट होतं का? नाही. ते उत्तमच होतं, आणि म्हणूनच मला या प्रकरणाचं वाईट वाटतं. या छंदात बहुतेक अ‍ॅड-ऑन दोन-तीन माणसं मिळून बनवतात. आपण त्यांना ओळखत नसतो, तरी त्यांच्या इन्स्टॉलरला अ‍ॅडमिनची परवानगी देतो, कुणी सांगितलं तर अँटिव्हायरसही बंद करतो. एवढी मोकळीक आपण घरी आलेल्या प्लंबरलाही देत नाही. ही मोकळीक साऱ्या छोट्या बनवणाऱ्यांची सामायिक ठेव आहे, तुमचीही. एकानं ती वापरून खाल्ली की पुढच्या माणसाच्या इन्स्टॉलरकडेही लोक संशयानं बघतात.

मग चोरीचं काय करायचं? हे तुमच्या विक्रीवर अवलंबून आहे, म्हणून माझं मत सरसकट धरू नका. तुम्ही लिहिलंय की सिरीयल तपासता यावा म्हणूनच इन्स्टॉलर बनवला. मी तो काढून टाकीन. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये सीनरीचं फोल्डर 'कम्युनिटी' फोल्डरमध्ये नुसतं टाकलं की काम होतं. झिप फाइल द्या. अ‍ॅडमिनची परवानगी मागायचीच गरज उरत नाही, आणि ग्राहकाला आत काय आहे ते उघडून बघता येतं. डाउनलोड मात्र खात्यामागे ठेवा. विकत घेतलेल्याला लॉगिन करून उतरवता यावं आणि सुधारणाही तिथूनच मिळाव्यात. फुटलेली प्रत जुनी होत जाते आणि तुमचा ग्राहक पुढे जातो. चोरी पूर्ण थांबत नाही, पण माझ्या अनुभवात एवढ्या किमतीच्या गोष्टीला हे पुरतं.

कुठल्या ग्राहकाकडून प्रत फुटली हे कळायला हवं असेल तर प्रत्येक प्रतीत थोडा फरक ठेवा. एखादा दिव्याचा खांब अर्धा मीटर इकडे, एखाद्या हँगरच्या रंगात किंचित बदल. फुटलेली प्रत बघितली की कुणाची ते कळतं, आणि कुणाच्या संगणकात हात घालावा लागत नाही. पण हेही खरेदीच्या पानावर लिहा, की प्रत्येक प्रतीवर खरेदीदाराची खूण आहे. लिहिल्यानं खूण निकामी होत नाही, उलट वाटणारा दोनदा विचार करतो. फुटली म्हणून थेट आरोप मात्र करू नका. त्या ग्राहकाचं खातंच कुणी उघडलं असेल. आधी विचारा. टेलिग्रामवरची प्रत काढायला कॉपीराइटची तक्रार करता येते. वेळ लागतो, कधी काही होतही नाही, तरी करा.

आणि पुढे कधी इन्स्टॉलर बनवावाच लागला तर पहिल्याच पडद्यावर मराठीत आणि इंग्रजीत लिहा की काय कुठे ठेवतो आणि सर्व्हरला काय पाठवतो. 'सिरीयल नंबर आणि आवृत्तीचा क्रमांक, बाकी काही नाही.' अँटिव्हायरस बंद करा असं ग्राहकाला कधीही सांगू नका. अँटिव्हायरसनं उगाच अडवलं तर त्या कंपनीकडे फाइल पाठवून दुरुस्ती करून घेता येते. मी स्वतःच्या टूल्ससाठी तसं केलंय. काही दिवस जातात, एवढंच.

आता तुमचा मित्र. तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण मला घाई त्याचीच वाटते. कुठला क्रॅक होता, कधी टाकला, यावरून धोका कमी-जास्त होतो. लांबून मला ते सांगता येणार नाही, म्हणून पासवर्ड गेले असंच धरून चाला. अ‍ॅड-ऑन काढून टाकल्यानं गेलेली माहिती परत येत नाही. त्या संगणकावर बसून पासवर्ड बदलू नका, कारण आत अजून काही असेल तर नवेही जातील. फोनवरून किंवा दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून बदला. सुरुवात मेलपासून, कारण बाकी सगळ्यांचे 'पासवर्ड विसरलो'चे दुवे तिथेच येतात. मग बँक, मग जिथे जिथे तोच पासवर्ड वापरलाय ती खाती. प्रत्येक ठिकाणी 'सगळ्या उपकरणांवरून साइन आउट' करायचं, कारण पासवर्डबरोबर कुकीज गेल्या असतील तर नुसता पासवर्ड बदलून दर वेळी भागत नाही. दोन टप्प्यांचं लॉगिन सुरू करायचं. मग कागदपत्रं आणि फोटो बाजूला काढून विंडोज नव्यानं टाकायचं. पैसे गेलेले दिसले तर त्याच क्षणी 1930 वर फोन करायचा. जितक्या लवकर तक्रार जाईल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त. घरात इतर कुणी तोच संगणक वापरत असेल तर त्यांनाही हे सांगायला त्याला लाज वाटेल. तरी सांगायला लावा.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात फुकटचं पीडीएफ टूल टाकल्यानंतर पासवर्ड गेले होते. मालकांनी दुसऱ्याच दिवशी सगळे बदलले आणि निश्चिंत झाले. दीड महिन्यानं एका ग्राहकानं बिलाचे पैसे भलत्याच खात्यात भरले, कारण बँकेचा नंबर बदलल्याचा मेल त्याला आला होता. मी मेलच्या सेटिंगमध्ये गेलो तर फॉरवर्डिंगच्या रकान्यात एक अनोळखी पत्ता बसलेला. पहिल्या दिवसापासून प्रत्येक मेलची प्रत तिकडे जात होती आणि पासवर्ड बदलल्यानं त्याला काहीच फरक पडला नव्हता. तेव्हा मित्राला आजच फोन करा, आणि मेलचा पासवर्ड बदलून झाला की त्याला फोनवर धरूनच फॉरवर्डिंग, फिल्टर आणि पर्यायी मेल पत्ता हे तीन रकाने उघडून मोठ्यानं वाचायला सांगा.